उजव्या बाजूचा बोल्ट

नऊ वर्षांपूर्वीची २३ ऑक्टोबर. गाडीत माणसे चार. सूर्य मावळेपर्यंत जिवंत तीन.

टेकडीच्या उतारावर डावीकडे वळताना ती जुनी गाडी उजवीकडे झुकली, पुढचा उजवा टायर फाटला आणि गाडी कठड्यावर आदळली. गेला तो मालकाचा थोरला भाऊ. मागे बसून तो धाकट्याला सारखा 'हळू चालव' म्हणत होता, असे पुढे जबाबात आले. गाडी हळूच चालली होती, असेही आले.

अपघाताच्या सहा आठवडे आधी त्या गाडीचा पुढचा स्वे बार बदलला होता. गाडीच्या रुंदीइतका, दोन्ही टोकांना वाकवलेला हा पोलादी दांडा पुढची दोन चाके धरणाऱ्या लोखंडी आर्मना एकमेकांशी बांधून ठेवतो. वळणावर गाडीचे अंग कलंडू लागले की तो पिळला जातो आणि गाडीला सावरतो. जुन्या गाड्यांत तो बारीक असतो; म्हणून हौशी मालक त्या जागी जाड बसवून घेतात. तपासणीच्या अहवालात कारण एका ओळीचे होते: बारच्या उजव्या टोकाचा बोल्ट जागेवर नाही, रस्त्यावरही सापडला नाही, मोकळ्या सुटलेल्या टोकाने टायर फाडला.

ते काम ज्या गॅरेजात झाले तिथे कारागीर दोन. बाजारात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. एक डावा आणि दुसरा उजवा. डावा हा गॅरेजच्या मूळ मालकाचा जावई, उजवा त्याचा मुलगा. म्हणजे दोघे मेहुणे. गाडी कोणतीही असो, तिची डावी बाजू एकाची आणि उजवी दुसऱ्याची. सासऱ्याने जमिनीवर मधोमध पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती आणि गाडी त्या रेघेवरच उभी राहायची. त्याचे म्हणणे असे की, एका नटावर दोघांचे हात पडले की नट कोणाचाच राहत नाही. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने आवळला असेल. काम वाटून दिले की जबाबदारीही वाटली जाते आणि वाटलेली जबाबदारी मोजता येते. म्हातारा शाळेत फार शिकला नव्हता, पण मोठमोठे कारखाने ज्या तत्त्वावर चालतात ते त्याने एका रंगाच्या डब्यात बसवले होते. या तत्त्वात एक भोक आहे, ते त्याच्या हयातीत कोणाला दिसले नाही.

सुटे भाग विकणारा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "तिथे डावं-उजवं करत नाहीत हो, तिथे ते दोघंच डावे-उजवे आहेत." चहाला बसले तरी डावा बाकाच्या डाव्या टोकाला बसायचा. तीस वर्षांत हे इतके अंगवळणी पडले होते की घरी पलंगाची डावी बाजू बायकोने कधी अडवली नाही. उजवी न मागताच तिची होती.

वाद एकच होता आणि तो वाद नव्हताच, करमणूक होती. बारचे टोक आर्मला एका लांब बोल्टने जोडतात. डावा तो बोल्ट खालून वर घालायचा आणि नट वरून लावायचा. नट डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, बॉनेट उघडले की दिसला पाहिजे, असे त्याचे मत. उजवा वरून खाली घालायचा, नट खालून.

"नट दिसतो त्याचं काय कौतुक, भाऊजी," तो गाडीखालून म्हणायचा. "उद्या नट पडला की तुमचा बोल्ट चालता झाला. माझा बोल्ट घरजावई आहे. नट सुटला तरी घर सोडत नाही. खडखड करतो, पण जात नाही."

घरजावई हा टोमणा कोणाला आहे ते सगळ्यांना कळायचे. त्यात सर्वांत मोठ्याने हसायची ती उजव्याची बहीण, म्हणजे डाव्याची बायको. दुपारचा डबा घेऊन ती दारात उभी असायची आणि भावाला दटावायची की माझ्या नवऱ्याला बोल्ट म्हणू नकोस.

अपघातानंतर निरीक्षकाने दोघांना त्याच रेघेच्या दोन बाजूंना उभे करून विचारले, की या गाडीची उजवी बाजू कोणी केली. डाव्याने उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही.

"उजवी बाजू त्याची."

हे खोटे बोलणे नव्हते. सकाळी सूर्य कुठे उगवतो असे विचारल्यावर माणूस खिडकीकडे बघत नाही, तसे ते उत्तर होते. उजव्याने मेहुण्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "हो. उजवी माझी." निरीक्षकाने लिहून घेतले. पंधरवड्यात उजव्याचा कारागिराचा परवाना रद्द झाला आणि अहवालाची प्रत सगळ्या गॅरेजांकडे गेली.

चौकशीच्याच संध्याकाळी डाव्याने जे केले ते निरीक्षकाने सांगितले नव्हते. मेहुण्याच्या त्या नजरेत त्याला अपराध दिसला आणि अपराध्याला ओळखल्यावर आपण कठोर व्हायलाच हवे, असे त्याला वाटले. सरळ माणसाला अशा वेळी कठोर होणे फार सोपे जाते. त्यात त्याला स्वतःचा सरळपणाही दिसतो. तो म्हणाला, "तुझ्या हातून माणूस गेला. या गॅरेजात तुझा हात नको आणि माझ्या घरात तुझं पाऊल नको." गॅरेज उजव्याच्या बापाचे होते. उजव्याने त्याची आठवण करून दिली नाही. हत्यारांची पेटीही नेली नाही.

पुढची नऊ वर्षे डाव्याच्या आयुष्याचे सगळे वजन त्या एका वाक्यावर उभे होते. ते वाक्य खरे असेल तर तो एकटा पडलेला, पण न्यायाने वागलेला माणूस होता. खोटे असेल तर त्याच्याकडे काहीच नव्हते. ते खोटे असू शकते असा विचार त्याच्या मनात आला नाही. न्याय केलेला माणूस निकाल पुन्हा वाचत नाही.

बायको आजारी होती. अपघाताच्या वर्षीच पोटातल्या गाठीच्या तपासण्या सुरू झाल्या होत्या. पहिली दोन वर्षे ती भावाबद्दल बोलायची. मग बोलेनाशी झाली. दर रविवारी दुपारी भाऊ फाटकाशी यायचा. ती जिना उतरून खाली जायची आणि फाटकाच्या आतून त्याच्याशी बोलायची, तो बाहेरून. डावा वरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचा. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. कधी कधी दोघे हसायचे आणि त्याला पुढचे पान उलटवत नसे. शेवटच्या वर्षी तिला जिना उतरवत नव्हता. तेव्हा ती खिडकीत बसायची आणि भाऊ रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभा राहून हात करायचा. ती एकदा म्हणाली, "तो एकदा वर आला तर काय होईल?" डावा म्हणाला, "गेलेला माणूस परत येईल का?" तो जिंकला होता. अशा पाच वर्षांनंतर ती गेली आणि त्याला आता चार वर्षे झाली होती.

घर तेच राहिले. दोन खोल्या, एक गॅलरी, न्हाणीघराच्या दाराला वाकडी कडी. तो पलंगाच्या डाव्या बाजूलाच झोपायचा. स्वयंपाकघरात एकच ताट धुवायचे असले तरी दोन्ही ताटे खाली काढायचा आणि एक तसेच परत ठेवायचा. गॅरेजात एकटाच असल्यामुळे तो ब्रेक, कार्बोरेटर, वायरिंग असली कामे घ्यायचा. स्वे बारचे काम म्हटले की दुसऱ्या गॅरेजचा पत्ता द्यायचा. नऊ वर्षांत एकदाही त्याने त्या दांड्याला हात लावला नव्हता. कारण विचारले तर म्हणायचा, ते दोन माणसांचे काम आहे. हे खरेच होते: बार दोन्ही टोकांना सारखा उचलावा लागतो, नाहीतर तो पिळला जाऊन हातातून उसळी घेतो.

या वर्षी एक निवृत्त शिक्षिका आपली जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. त्यांच्या यजमानांना कानाच्या आजाराने चक्कर यायची, आणि ही गाडी तर प्रत्येक वळणावर माणसाला खांद्याने ढकलायची. जाड बार बसवून द्या, असे बाईंचे म्हणणे. डाव्याने नाही म्हटले. आठवड्याने त्या पुन्हा आल्या. त्याने पुन्हा नाही म्हटले, पत्ता दिला. त्यांनी तो चष्म्यावरून वाचला आणि परत केला. तिथला माणूस आपल्याशी न बोलता मोबाइलशी बोलतो, म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी बोलणेच टाळले. नवा बार विकत आणून त्याच्या बाकावर ठेवला, शेजारी गाडीची किल्ली ठेवली आणि वर्गात गृहपाठ देऊन निघावे तशा निघाल्या.

"दुकानदार म्हणाला, तुमच्याकडे डावी बाजू फार चांगली होते," दारातून त्या म्हणाल्या. "उजवीचं जे होईल ते मी पदरात घेईन."

डाव्याला हसू आले आणि ते किती दिवसांनी आले हे कळून ते लगेच गेले.

जुना बार अठरा मिलिमीटर जाडीचा होता, नवा बावीसचा. चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना भरत नाही, पण पोलादाचा हिशेब वेगळा असतो. नवा बार जुन्याच्या दुपटीहून जास्त कडक होता. कडकपणाची किंमतही असते. बारीक बार असताना एका चाकाला खड्डा लागला तर दुसऱ्याला फारसे कळत नाही. जाड बार बसवला की एकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी रेघेवर घेतली. पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवली, चाके काढली. जुना बार काढायला तासभर लागला. मधल्या क्लॅम्पचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. बारला धरून ठेवणाऱ्या बुशचे रबर तडकून काळ्या साबणासारखे झाले होते. नवे बुश त्याने बाईंनी आणलेल्या खास ग्रीसने आतून माखले. साधे ग्रीस लावले तर ते पुढे करकर करतात. मग खरी अडचण आली. दांडा छातीवर घेऊन तो गाडीखाली सरकला आणि सवयीने म्हणाला, "एक." पलीकडून 'दोन' यायला हवे होते. मग उजवे टोक त्याने तारेने चॅसीला टांगले, डावे हाताने उचलले आणि क्लॅम्प सैल लावून घेतले. डाव्या टोकाचा बोल्ट खालून वर गेला, बुश, वॉशर, नट सगळे आपापल्या जागी बसले. हात विचारत नव्हते, करत होते.

नंतर तो रेघ ओलांडून उजवीकडे गेला.

इकडे सगळे उलटे होते. पाना उलट्या बाजूने येत होता, कोपर भलत्याच ठिकाणी अडत होते. त्याने तार सोडली, बारचे टोक आर्मवर टेकवले आणि बोल्ट घातला. खालून वर. अंगठ्याने तो तळाशी दाबून धरून दुसऱ्या हाताने तो नट शोधू लागला. नट डाव्या बाजूच्या डब्यात राहिला होता. त्याने अंगठा काढला. बोल्ट सरळ खाली आला, छातीवर पडला, तिथून जमिनीवर घरंगळला आणि वर भोक मोकळे राहिले.

डाव्याने ते मोकळे भोक पाहिले. ते त्याने आधी पाहिले होते. अहवालाबरोबर जोडलेल्या छायाचित्रात नेमके हेच होते: बारचे टोक, आर्मचे भोक, आरपार उजेड. बोल्ट नाही. रस्त्यावरही सापडला नाही.

उजव्याने घातलेला बोल्ट पडत नाही. नट गेला तरी तो डोक्याने लटकून राहतो, खडखडतो, मालकाला कळवतो. पडतो तो खालून घातलेला बोल्ट. या गॅरेजात खालून बोल्ट घालणारा माणूस एकच होता.

तो गाडीखालून बाहेर आला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि कपाटातून कामांची जुनी वही काढली. त्या गाडीचे काम: १० सप्टेंबर. मग गॅरेज उघडे टाकून तो घरी गेला. बायकोची दवाखान्याची फाइल पलंगाखालच्या ट्रंकेत होती; चार वर्षांत ती उघडली नव्हती. तपासण्या तारखेवार लावलेल्या होत्या, बायकोच्या नीटस अक्षरात प्रत्येकीवर तारीख. पहिली मोठी तपासणी: १० सप्टेंबर. खाली, सोबत आलेल्या नातेवाइकाची सही. सही भावाची होती.

मग एक एक आठवले. त्या दिवशी गाडीचा मालक घाई करत होता. डाव्याने मेहुण्याला सांगितले की तू ताईबरोबर जा, एवढे मी एकटा करतो. त्याने एकट्यानेच दोन्ही बाजू जोडल्या, जॅकवर असताना नट नुसते हाताने बसवले. शेवटचे आवळणे गाडी जमिनीवर उतरवल्यावर, चाकांवर वजन आल्यावर करायचे असते. गाडी उतरवली. त्याने डावा नट आवळला, पाना पुसला आणि तो उठला. त्याची बाजू झाली होती. उजव्या बाजूचे शेवटचे आवळणे तीस वर्षांत त्याने कधी केले नव्हते, आणि ते राहिले आहे हे सांगणारा माणूस दवाखान्याच्या बाकावर बसला होता. सासऱ्याच्या तत्त्वातले भोक ते हेच. माणूस आपली बाजू चोख करायला शिकतो. दुसऱ्याची बाजू रिकामी आहे हे पाहायला कोणी शिकवत नाही.

तो दिवस तो विसरला कसा, हा प्रश्न स्वतःला विचारायचे त्याने टाळले नाही. पण उत्तर साधे होते आणि त्याने काही सुटका होत नव्हती. दहा हजार दिवसांत एक दिवस वेगळा असला तर स्मृती त्या एकाला दहा हजारांत मिसळून टाकते. हे मनाचे दुबळेपण झाले; त्याला कोणी शिक्षा करत नाही. पण मेहुण्याला घराबाहेर काढले ते दुबळेपणाने नव्हे. ते त्याने पूर्ण जाणीव ठेवून केले होते.

उजवा आता नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर कामाला होता. कपडे ठेवायच्या कपाटांच्या किल्ल्या खिडकीतून द्यायच्या आणि घ्यायच्या. एवढे डाव्याला माहीत होते. बायकोने कधीतरी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, पोहणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, तो तिथे गेला. ओल्या फरशीचा आणि औषधाचा वास होता. खिडकीमागे उजवा बसला होता. केस पिकलेले, किल्ल्यांचा फळा मागे. पाठ न वळवता, मागे हात नेऊन तो बरोबर किल्ली काढायचा.

त्याने वर पाहिले आणि सवयीने विचारले, "एक का दोन?" मग ओळख पटली.

डाव्याने रस्ताभर शब्द जुळवले होते. त्यातला एकही उपयोगी पडला नाही. त्याने फक्त सांगितले की काल उजवा बोल्ट आपल्या छातीवर पडला.

उजव्याने एक किल्ली आकड्यावर टांगली, पुन्हा काढली, पुन्हा टांगली.

"नऊ वर्षं लागली तुम्हाला," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"निरीक्षकाने फोटो दाखवला तेव्हाच. बोल्ट पडलाय म्हटल्यावर कोणाचा ते मला कशाला विचारायला हवं? आणि काम झालं त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून आल्यावर विचारलं होतं, उजवी झाली का. तुम्ही 'झाली' म्हणालात."

डाव्याने विचारले की मग तोंड का उघडले नाहीस. तेव्हा उजवा जे बोलला ते त्याने एका सुरात, हिशेब वाचल्यासारखे सांगितले. निरीक्षकासमोर आधी त्याला वाटले की भाऊजी मुद्दाम खोटे बोलत आहेत. त्या दिवशी ताईच्या तपासणीचा निकाल त्याच्या खिशात होता. तो अजून तिलाही दाखवलेला नव्हता. दोघांपैकी एकाचे काम जाणार हे उघड होते. ज्याचे जाईल त्याच्या घरात आजारी माणूस नसलेले बरे. म्हणून तो हो म्हणाला. त्याला वाटले, भाऊजींनी हाच विचार केला असणार, आणि निरीक्षक गेल्यावर ते खांद्यावर हात ठेवतील, एवढेच पुरे आहे.

"निरीक्षक गेला आणि तुम्ही मला म्हणालात, तुझ्या हातून माणूस गेला. तेव्हा कळलं की तुम्हाला खरंच आठवत नाही. आता विसरलेल्या माणसाला मी काय सांगणार? मी सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं?"

डाव्याने खरे ते सांगितले, की पटले नसते.

"ताईला सांगितलंस?"

"तिला नवऱ्याबरोबर राहायचं होतं."

एक पोहणारा येऊन किल्ली देऊन गेला. उजव्याने ती न बघता मागच्या फळ्यावर अडकवली. डाव्याने विचारले, परत येशील का. गॅरेज तुझ्या वडिलांचे आहे, हे वाक्य त्याला नऊ वर्षे उशिरा सुचले. उजव्याने मान हलवली. रागाने नव्हे. इथे सगळ्या किल्ल्या माझ्याच बाजूला आहेत, बरे चाललेय, असे म्हणाला.

"परवान्याचं मनावर घेऊ नका, भाऊजी. माणूस दुसरं काम शिकतो. पण ताईशी मी पाच वर्षं फाटकातून बोललो. शेवटचं वर्ष तर नुसता हातच केला. त्या वर्षात तिला काय होतंय ते तिच्या तोंडून मला एकदाही ऐकायला मिळालं नाही. एवढं लांबून विचारायचं तर ओरडावं लागतं."

डावा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. क्षमा माग, असे त्याला आतून कोणीतरी सांगत होते. पण क्षमा मागणे म्हणजे पुन्हा याच माणसाकडून काहीतरी घेणे, हेही त्याला दिसत होते. तो मागू शकला नाही. निघताना उजव्याने मागून विचारले की गाडी कोणाची आहे, आणि बाईंची म्हटल्यावर म्हणाला, "मग उजवी बाजू नीट करा. बोल्ट वरून घाला."

त्याने वरून घातला. गाडी उतरवली, आधी उजवा नट आवळला, मग डावा, मग पुन्हा उजव्यावर पाना लावून पाहिला. संध्याकाळी बाई यजमानांना घेऊन आल्या. चौकापर्यंत फेरी मारून आल्यावर यजमान म्हणाले की आज मला वळण आले ते रस्त्यावरून कळले, पोटातून नाही. बाईंनी विचारले, उजवी कोणी केली. डावा म्हणाला, मीच.

त्याच आठवड्यात तो तपासणी कार्यालयात गेला आणि त्याने लेखी जबाब दिला. तिथल्या कारकुनाने सांगितले की जुन्या अहवालातले नाव खोडता येत नाही, नवा कागद वरून जोडता येतो. त्याने जोडायला सांगितले आणि टाचणी लागेपर्यंत तो टेबलापाशी उभा राहिला. महिन्याभरात त्याचा परवाना रद्द झाला. गॅरेजला कुलूप लागले. किल्ली त्याने तलावावरच्या खिडकीत नेऊन ठेवली. उजव्याने ती घेतली, पण फळ्यावर टांगली नाही, खिशात टाकली.

मग डावा अपघातात गेलेल्या माणसाच्या घरी गेला. धाकटा भाऊ दारात आला. डाव्याने सगळे उभ्या उभ्या सांगितले: तारीख, नट, विसरणे, दुसऱ्याचे नाव. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्याने एकच विचारले, की बोल्ट सुटल्यावर आवाज यायला हवा होता का. डावा म्हणाला, माझ्या पद्धतीने घातला की येत नाही. माणसाने दार लावून घेतले. जोरात नाही.

रविवारी दुपारी डावा आता खाली जाऊन फाटक उघडे ठेवतो. मेहुणा दोनदा येऊन गेला; दोन्ही वेळा वर आला, खुर्चीत बसला, पाणी प्यायला. ज्या खोलीत तो बसला त्या खोलीत ती पाच वर्षे आजारी होती, हे दोघांनाही माहीत होते आणि दोघेही पलंगाकडे पाहत नव्हते.

उजव्याचे नाव कागदावर निर्दोष झाले. परवाना परत मिळाल्याचे पत्रही त्याला आले. बहिणीबरोबर घरात बसायची त्याची पाच वर्षे अजून द्यायची आहेत. ती डाव्याकडे नाहीत.